हिटलरसाठी लढायला नकार देणारा शेतकरी: ख्रिस्ती श्रद्धेत ‘देवाची इच्छा’ म्हणजे नेमकं काय?

घरात कुणी अकाली गेलं, असाध्य आजार निघाला, हातातलं पीक गेलं की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘देवाची मर्जी.’ धर्म कुठलाही असो, हे वाक्य सगळीकडे आहे. ख्रिस्ती कुटुंबांतही ते आहे. त्यामुळे देवाच्या इच्छेला शरण जाणं म्हणजे वाट्याला आलेलं दुःख निमूटपणे सोसणं, असा सर्वसाधारण समज आहे.

पण ख्रिस्ती परंपरेत या शब्दांचा आणखी एक अर्थ आहे आणि तो पहिल्यापेक्षा बराच अवघड आहे. त्यात दुःख आपोआप येत नाही. ते टाळण्याचा रस्ता समोर उघडा असतो. घरचे, शेजारी, अगदी धर्मगुरूसुद्धा तो रस्ता घे म्हणून सांगत असतात. तरीही माणूस म्हणतो, ‘हे देवाला मान्य नाही, म्हणून मी करणार नाही.’ आणि मग जे होईल ते सोसतो.

हा अर्थ समजून घेण्यासाठी ऑस्ट्रियातल्या फ्रान्झ येगरश्टेटर या शेतकऱ्याची गोष्ट उपयोगी पडते. या गोष्टीचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. तोही पुढे पाहू.

थोडक्यात ओळख

- नाव: फ्रान्झ येगरश्टेटर
- जन्म: २० मे १९०७, सांक्ट राडेगुंड, ऑस्ट्रिया
- व्यवसाय: शेती, गावच्या चर्चमध्ये सेवक
- कुटुंब: पत्नी फ्रान्झिस्का, तीन मुली, लग्नाआधीच्या संबंधातून एक मुलगी
- काय केलं: हिटलरच्या सैन्यात लढायला नकार
- मृत्यू: ९ ऑगस्ट १९४३, ब्रान्डेनबुर्ग तुरुंग, जर्मनी (गिलोटिनने शिरच्छेद)
- कॅथलिक चर्चकडून ‘धन्य’ घोषित: २६ ऑक्टोबर २००७

बायबलमध्ये दुःख आणि देवाची इच्छा

फ्रान्झ यांच्या निर्णयाकडे वळण्याआधी त्यामागची श्रद्धा थोडी समजून घ्यायला हवी.

दुःख ही पापाची शिक्षाच असते, हे मत बायबल सरसकट मान्य करत नाही. जुन्या करारातल्या ईयोबाच्या पुस्तकात एका सज्जन माणसाची मुलंबाळं, संपत्ती आणि आरोग्य सगळं जातं. त्याचे मित्र त्याला समजावतात की तुझंच काहीतरी चुकलं असणार. पुस्तकाच्या शेवटी देव ईयोबावर नव्हे, तर या उपदेश करणाऱ्या मित्रांवर रागावतो. नव्या करारात जन्मांध माणसाची गोष्ट आहे. हा आंधळा जन्मला तो कुणाच्या पापामुळे, त्याच्या की आईबापांच्या, असं शिष्य विचारतात. येशू दोन्ही शक्यता नाकारतो.

मग दुःखात देवाची इच्छा मानायची म्हणजे काय करायचं? ख्रिस्ती लोक यासाठी सर्वात आधी गेथशेमाने बागेतल्या प्रसंगाकडे पाहतात. अटक होण्याच्या रात्री येशू तिथे प्रार्थना करतो. समोर मरण दिसत असतं. त्याला दुःख हवंसं वाटत नाही. तो अत्यंत व्याकूळ होतो, हा प्याला टळू शकत असेल तर टळावा अशी विनवणी करतो आणि अखेर निर्णय पित्यावर सोपवतो.

या प्रसंगातून दोन गोष्टी निघतात. एक, दुःख नको वाटणं हा श्रद्धेचा अभाव नाही. दोन, दुःख हे ध्येय नाही. ध्येय आहे ते योग्य मार्ग न सोडणं. त्या मार्गावर दुःख येणार असेल, तर मार्ग बदलायचा नाही.

पण योग्य मार्ग कोणता हे ओळखायचं कसं? इथे बायबलमधलीच दोन वचनं वरवर पाहता एकमेकांसमोर उभी राहतात. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल राज्यकर्त्यांच्या अधीन राहायला सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात मात्र पेत्र आणि इतर प्रेषित न्यायसभेला सुनावतात की माणसांची आज्ञा आणि देवाची आज्ञा यांत विरोध आला, तर आम्हाला देवाचंच ऐकलं पाहिजे. फ्रान्झ यांचं सगळं आयुष्य शेवटी या दोन वचनांच्या मधोमध येऊन थांबलं.

कोण होते फ्रान्झ येगरश्टेटर?

सांक्ट राडेगुंड हे ऑस्ट्रियाच्या वरच्या भागातलं, जर्मनीच्या सीमेलगतचं छोटंसं खेडं. हिटलरचं जन्मगाव ब्राउनाउ याच जिल्ह्यात येतं.

फ्रान्झ यांची आई रोझालिया शेतावर मोलमजुरी करायची. आईवडील इतके गरीब होते की त्यांना लग्न करणं परवडलं नाही. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. फ्रान्झ आजीकडे वाढले. १९१७ मध्ये आईनं हाइनरिख येगरश्टेटर या शेतकऱ्याशी लग्न केलं. त्यांनी फ्रान्झ यांना दत्तक घेतलं आणि पुढे शेतीही त्यांच्याकडेच आली.

तरुणपणी ते काही संतासारखे वगैरे नव्हते. तीन वर्षं त्यांनी आइझेनएर्त्स इथल्या लोखंडाच्या खाणीत काम केलं. तिथे श्रद्धा जवळपास सुटलीच होती. गावी परतले ते मोटरसायकल घेऊन. गावात त्याआधी कुणाकडे मोटरसायकल नव्हती. १९३३ मध्ये त्यांना लग्नाविना एक मुलगी झाली. तिच्याशी असलेलं नातं त्यांनी पुढेही जपलं.

९ एप्रिल १९३६ रोजी त्यांचं लग्न फ्रान्झिस्का श्वानिंगर यांच्याशी झालं. तो दिवस गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीचा पवित्र गुरुवार होता. लग्नानंतर दोघं रोमला गेले. फ्रान्झिस्का मनापासून धार्मिक होत्या. दोघं मिळून प्रार्थना करू लागले, बायबल वाचू लागले. पुढच्या चार वर्षांत त्यांना तीन मुली झाल्या. शेती, गाईगुरं, मुली, चर्च असा संसार सुरू होता.

१९३८: गावातलं एकमेव ‘नाही’

मार्च १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया जर्मनीला जोडून घेतला. १० एप्रिलला त्यावर जनमत घेण्यात आलं. अधिकृत निकालानुसार ९९ टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘हो’ म्हटलं. सांक्ट राडेगुंडमध्ये ‘नाही’ असं मत देणारे फ्रान्झ एकटेच होते. गावानं निकाल कळवताना तेवढं एक मत गाळून टाकलं आणि सगळं गाव एकमतानं बाजूनं असल्याचं दाखवलं.

याच वर्षीच्या जानेवारीत त्यांना एक स्वप्न पडलं होतं. डोंगराला वळसा घालून एक सुंदर आगगाडी येते. लहानमोठे सगळे तिच्याकडे धावतात, कुणाला थांबवता येत नाही. तेवढ्यात एक आवाज सांगतो की ही गाडी नरकात चालली आहे. ही गाडी म्हणजे नाझी पक्ष आणि त्याच्यामागे धावणारा समाज, असा अर्थ त्यांनी पुढे लावला.

त्यानंतर त्यांनी नाझी राजवटीशी देणंघेणं शक्य तितकं तोडलं. गावचं महापौरपद देऊ केलं गेलं, ते नाकारलं. पक्षाच्या वर्गण्या दिल्या नाहीत आणि सरकारकडून मुलांसाठी मिळणारा भत्ताही घेतला नाही. ज्यांच्याकडून घ्यायचं त्यांचं पुढे ऐकावंही लागतं, हा त्यांचा हिशेब शेतकऱ्याचा होता. तो समजायला कुणाला धर्मशास्त्र शिकावं लागत नाही.

सैन्यात गेले, परत आले आणि मग ठरवलं

फ्रान्झ यांनी सैन्याला सुरुवातीपासून नकार दिला होता, असं मात्र नाही. १९४० मध्ये बोलावणं आल्यावर ते गेले. ऑक्टोबर १९४० ते एप्रिल १९४१ या काळात एन्स इथे त्यांचं प्रशिक्षण झालं. तिथेच ते संत फ्रान्सिस यांच्या तिसऱ्या संघात सामील झाले. संसारात राहून फ्रान्सिस यांच्या मार्गानं जगू पाहणाऱ्या सामान्य लोकांचा हा संघ आहे. शेतीसाठी घरी गरज आहे म्हणून एप्रिल १९४१ मध्ये त्यांना परत पाठवण्यात आलं.

या काळात त्यांनी पुष्कळ पाहिलं आणि ऐकलं. मनोरुग्ण आणि अपंग लोकांना ठार मारण्याचा नाझींचा कार्यक्रम तेव्हा सुरू होता. त्यासाठी वापरलेला हार्टहाइमचा वाडा लिंझ शहराजवळ, म्हणजे त्यांच्याच प्रांतात होता. चर्चवर दबाव वाढत होता. गावचे धर्मगुरू योझेफ कारोबाथ यांना १९४० मध्ये एका प्रवचनावरून अटक झाली. जून १९४१ मध्ये जर्मनीनं सोव्हिएत रशियावर हल्ला केला.

हे युद्ध म्हणजे नास्तिक साम्यवादाविरुद्धचं धर्मयुद्ध आहे, असा प्रचार तेव्हा जोरात होता आणि अनेक ख्रिस्ती लोकांना तो पटतही होता. फ्रान्झ यांनी आपल्या वहीत याविषयी साधे प्रश्न लिहिले. लढाई साम्यवादाशी आहे, की त्या देशातलं खनिज, तेल आणि धान्य पिकवणारी जमीन हवी आहे? आपण दुसऱ्याच्या देशात घुसून लोकांना मारतो आणि लुटतो, तेव्हा आपण कुणाचं रक्षण करत असतो?

उत्तर मिळाल्यावर त्यांनी ठरवलं की पुन्हा बोलावणं आलं, तर लढायचं नाही.

सगळ्यांचा सल्ला एकच होता: जा

खरा पेच इथे सुरू होतो. फ्रान्झ नास्तिक राजवटीच्या विरोधात उभे होते आणि त्यांचं चर्च त्यांच्या पाठीशी होतं, असं झालं नाही. नातेवाईक, मित्र, धर्मगुरू सगळ्यांनी त्यांना उलट सल्ला दिला. त्यांच्यासमोर मुख्यतः तीन मुद्दे ठेवले गेले.

पहिला मुद्दा: राज्यकर्त्यांची आज्ञा पाळणं हेच ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे. युद्ध न्याय्य आहे की नाही हे ठरवणं सामान्य शेतकऱ्याचं काम नाही. त्याची जबाबदारी वरच्यांची.

फ्रान्झ यांचं उत्तर असं होतं की देवानं प्रत्येकाला बुद्धी आणि विवेक दिला आहे. चूक आहे हे कळत असूनही केलं, तर दोष हुकूम देणाऱ्याचाच राहत नाही, करणाऱ्याचाही होतो.

दुसरा मुद्दा: घरात म्हातारी आई, बायको आणि तीन लहान मुली आहेत. त्यांना वाऱ्यावर सोडणं देवाला कसं आवडेल?

हा मुद्दा त्यांना सर्वात जास्त टोचला. त्याला चटकन देता येईल असं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. ते एवढंच म्हणत राहिले की बायकामुलं आहेत म्हणून देवाला नाराज करण्याची मोकळीक मिळत नाही. शिवाय सैन्यात गेलेल्यांच्याही घरी बायकामुलं होती. त्यांना पाठवताना त्यांच्या संसाराचा विचार कुणी केला नव्हता.

तिसरा मुद्दा: तुझ्या एकट्याच्या नकारानं काय होणार? युद्ध थांबणार नाही, हिटलरला पत्ताही लागणार नाही.

हे त्यांनी कधीच नाकारलं नाही. आपल्या मरणानं इतिहास बदलेल असा त्यांचा दावा नव्हता. आपण स्वतः काय करायचं, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता.

ते लिंझला जाऊन बिशप योझेफ फ्लीसर यांनाही भेटले. फ्रान्झिस्का बाहेर थांबल्या होत्या. बिशपांनी त्यांना कुटुंबाच्या जबाबदारीची आठवण करून दिली. युद्धाच्या न्याय्यतेचा निर्णय तुमच्याकडे येत नाही, असंही सांगितलं. फ्रान्झ खिन्न होऊन बाहेर आले. बिशप उघड बोलायला घाबरत आहेत, नाहीतर त्यांचीही पाळी येईल, असं त्यांना वाटलं. हा समज कदाचित बरोबर असेल. नाझी तुरुंगांत आणि छळछावण्यांत तेव्हा शेकडो धर्मगुरू होतेच.

म्हणजे दोन्ही बाजूंचे लोक ‘देवाची इच्छा’ हेच शब्द वापरत होते. एका बाजूला तिचा अर्थ होता: आज्ञा पाळ, घर सांभाळ, बाकी देवावर सोड. दुसऱ्या बाजूला अर्थ होता: जे चूक आहे असं कळलं आहे, त्यात हात घालू नकोस.

एन्स ते ब्रान्डेनबुर्ग: शेवटचे सहा महिने

फेब्रुवारी १९४३ मध्ये बोलावणं आलं. १ मार्चला फ्रान्झ एन्स इथल्या छावणीत हजर झाले आणि आपण लढणार नसल्याचं त्यांनी सांगितलं. त्यांना लिंझच्या लष्करी तुरुंगात टाकण्यात आलं. ४ मे रोजी त्यांना बर्लिनच्या टेगेल तुरुंगात हलवलं. नाझींना विरोध करणारे प्रसिद्ध प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर हेही त्या महिन्यांत याच तुरुंगात होते.

जखमींची शुश्रूषा करण्याचं काम द्या, ते मी करीन, अशी तयारी फ्रान्झ यांनी दाखवली होती. म्हणजे त्यांना मरायची हौस नव्हती. मारण्यात भाग न घेता जगता आलं असतं, तर ते त्यांना हवंच होतं. न्यायालयानं ही विनंती विचारात घेतली नाही. ६ जुलै १९४३ रोजी बर्लिनच्या लष्करी न्यायालयानं ‘सैन्याचं मनोधैर्य खच्ची करणं’ या गुन्ह्याखाली त्यांना देहदंडाची शिक्षा सुनावली.

निकालानंतर फ्रान्झिस्का आणि गावचे तेव्हाचे धर्मगुरू फ्युर्टहाउअर बर्लिनला गेले. भेट सुमारे वीस मिनिटांची होती. धर्मगुरूंनी त्यांना निर्णय बदलण्याविषयी पुन्हा एकदा समजावलं. फ्रान्झ बदलले नाहीत. नवराबायकोची ती शेवटची भेट ठरली.

तुरुंगात त्यांना एक दिलासा मिळाला. फ्रान्झ राइनिश या ऑस्ट्रियन धर्मगुरूंनी हिटलरच्या नावानं शपथ घ्यायला नकार दिला होता आणि ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना ब्रान्डेनबुर्गमध्येच मारण्यात आलं होतं. तुरुंगातल्या पाद्रींनी ही हकिगत फ्रान्झ यांना सांगितली. एका धर्मगुरूनंही हाच मार्ग धरला होता, हे कळल्यावर आपण भलत्याच वाटेनं चाललो नाही ना, ही मनातली टोचणी कमी झाली.

तिथून लिहिलेल्या पत्रांत ते मुलींची चौकशी करतात, शेतीच्या कामांविषयी विचारतात, बायकोची माफी मागतात. बेड्या घातलेल्या अवस्थेत लिहिलेल्या एका टिपणाचा आशय असा, की मन बांधलं जाण्यापेक्षा हात बांधलेले परवडले.

९ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांना ब्रान्डेनबुर्ग तुरुंगात आणलं गेलं. शिक्षा त्याच दिवशी दुपारी चार वाजता अमलात येईल, असं सांगण्यात आलं आणि तसंच झालं. तेव्हा ते ३६ वर्षांचे होते.

फ्रान्झिस्का: किंमत दोघांनी मोजली

अशा गोष्टी सांगताना मरणारा एकटाच नायक होतो. पण या आज्ञापालनाची किंमत फ्रान्झ यांनी सहा महिने मोजली, तर फ्रान्झिस्का यांनी पुढची सत्तर वर्षं.

सुरुवातीला त्यांनीही नवऱ्याला परोपरीनं विनवलं होतं. पण सगळे त्याच्याविरुद्ध बोलत असताना आपणही बोललो, तर त्याच्या बाजूनं कुणीच उरणार नाही, हे लक्षात आल्यावर त्या त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

नवरा गेल्यावर शेती आणि तीन मुली त्यांनी सांभाळल्या. गावानं दोष मात्र त्यांनाच दिला. लग्नाआधी हा माणूस असा नव्हता, हिनंच त्याला देवभोळा केलं, असं लोक बोलायचे. फ्रान्झ यांच्या आईचाही राग सुनेवरच होता. युद्ध संपलं, हिटलर गेला, तरी हे बदललं नाही. कितीतरी घरांतले तरुण युद्धात गेले होते. फ्रान्झ बरोबर होते असं मानलं, तर आपली मुलं कशासाठी मेली, हा प्रश्न त्या घरांपुढे उभा राहत होता. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या विधवांना मिळणारं निवृत्तिवेतन फ्रान्झिस्का यांना १९५० पर्यंत मिळालं नाही.

युद्धानंतर फ्रान्झ यांच्याविषयीचा लेख धर्मप्रांताच्या वर्तमानपत्रात छापायलाही बिशप फ्लीसर तयार नव्हते. कर्तव्य म्हणून लढलेले तरुण हेच खरे आदर्श, असं त्यांचं मत होतं.

मुंबईचा धागा

ही गोष्ट गावातच विरून गेली असती. पण गॉर्डन झान या अमेरिकन कॅथलिक समाजशास्त्रज्ञांना जर्मन कॅथलिकांविषयी संशोधन करताना तिचा पत्ता लागला. झान यांनी स्वतः दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरायला नकार दिला होता. फ्रान्झ यांच्यावरचं त्यांचं पुस्तक १९६४ मध्ये आलं.

त्याच सुमारास रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू होती. युद्धाविषयी चर्चनं काय भूमिका घ्यावी, याची चर्चा १९६५ मध्ये तिथे झाली. त्या वेळी फ्रान्झ येगरश्टेटर यांचं उदाहरण परिषदेपुढे मांडलं ते आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी. हे इंग्रज जेसुइट १९३७ मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले होते. पुढे भारतीय माणसाकडे सूत्रं जावीत म्हणून ते स्वतःहून बाजूला झाले. त्यांच्यानंतर मुंबईची धुरा व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्याकडे आली. ग्रेशियस हे १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल झाले.

रॉबर्ट्स यांचा मुद्दा असा होता, की अन्याय्य युद्धात लढायला नकार देणाऱ्या माणसाला त्याच्या चर्चनं एकटं पाडता कामा नये. ७ डिसेंबर १९६५ रोजी परिषदेनं स्वीकारलेल्या दस्तऐवजात शस्त्र धरायला विवेकापोटी नकार देणाऱ्यांसाठी कायद्यांत माणुसकीची तरतूद असावी, अशी भूमिका घेतली गेली. त्यांनी दुसऱ्या मार्गानं समाजाची सेवा करावी, अशी अटही त्यात होती. शुश्रूषेचं काम द्या, हे फ्रान्झ यांचं मागणं बरोबर याच स्वरूपाचं होतं.

१९९७ मध्ये बर्लिनच्या न्यायालयानं त्यांची शिक्षा रद्द ठरवली. २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणारे म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला लिंझच्या कॅथेड्रलमध्ये त्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आलं. ज्या धर्मप्रांताच्या बिशपांनी त्यांना कुटुंबाच्या जबाबदारीची आठवण करून दिली होती, त्याच धर्मप्रांतात हा सोहळा झाला. तेव्हा ९४ वर्षांच्या फ्रान्झिस्का तिथे हजर होत्या. मार्च २०१३ मध्ये, वयाची शंभर वर्षं पूर्ण केल्यावर त्या गेल्या.

मग ‘देवाची इच्छा’ ओळखायची कशी?

फ्रान्झ यांनी यासाठी सूत्र वगैरे सांगितलेलं नाही. पण त्यांनी काय केलं ते पाहिलं, तर काही गोष्टी स्पष्ट दिसतात.

- घाई केली नाही. १९३८ मधलं मत आणि १९४३ मधला नकार यांत पाच वर्षं गेली. त्या काळात ते वाचत होते, लिहीत होते, प्रार्थना करत होते.
- विरोधी मत ऐकलं. ज्यांचं मत वेगळं आहे हे माहीत होतं, त्या धर्मगुरूंकडे आणि बिशपांकडे ते स्वतःहून गेले. कारोबाथ यांनी त्यांचा जीव वाचावा म्हणून वाद घातला, पण दर वेळी फ्रान्झ बायबलच्या आधारे उत्तर देत राहिले.
- दुःख शोधलं नाही. जीव वाचवणारा स्वच्छ मार्ग असेल, तर तो त्यांना हवा होता.
- दुसऱ्यांवर लादलं नाही. सैन्यात गेलेल्या गावकऱ्यांना त्यांनी पापी ठरवलं नाही. आपल्याला जे दिसलं ते आपण करायचं, एवढंच ते म्हणत.

यातला शेवटचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा आहे. ‘देवाची इच्छा’ हे शब्द दुसऱ्याच्या दुःखावर चिकटवणं फार सोपं असतं. ईयोबाच्या मित्रांनी तेच केलं. मारहाण सोसणाऱ्या बाईला किंवा अन्याय झालेल्या माणसाला ‘देवानं ठेवलं तसं राहा’ असं सांगणारेही तेच करतात. फ्रान्झ यांनी हे शब्द फक्त स्वतःपुरते वापरले, आणि तेही सहन करण्याआधी नकार देण्यासाठी.

त्यांचा निर्णय बरोबर होता का, यावर आजही मतभेद होऊ शकतात. तीन मुलींच्या बापानं असं करावं का, या प्रश्नाचं सगळ्यांना पटेल असं उत्तर मिळणं कठीण आहे. चर्चनं त्यांना ‘धन्य’ म्हटलं म्हणून तो प्रश्न मिटत नाही, आणि मिटायलाही नको.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्झ येगरश्टेटर संत आहेत का?
अजून नाही. कॅथलिक चर्चमध्ये ‘धन्य’ ही संतपदाच्या आधीची पायरी आहे. त्यांचा स्मृतिदिन २१ मे रोजी पाळला जातो. त्या तारखेला त्यांचा बाप्तिस्मा झाला होता.

ते सगळ्याच युद्धांच्या विरोधात होते का?
असं म्हणता येत नाही. समाजमाध्यमांवर त्यांचा उल्लेख अनेकदा तसा होतो. पण त्यांचा आक्षेप हिटलरच्या युद्धाला होता. ते युद्ध अन्यायाचं आहे, हा त्यांचा मुद्दा होता.

असं करणारे ते एकटेच होते का?
नाही. नाझी राजवटीत ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाच्या अनेकांनी शस्त्र धरायला नकार दिला आणि त्यांना देहदंड झाला. फरक असा, की त्या लोकांना त्यांच्या पंथाचा पाठिंबा होता. फ्रान्झ यांना आपल्या धर्मगुरूंच्या सल्ल्याविरुद्ध जावं लागलं.

त्यांच्यावर चित्रपट आहे का?
हो. दिग्दर्शक टेरेन्स मॅलिक यांचा ‘अ हिडन लाइफ’ हा चित्रपट २०१९ मध्ये आला. त्याआधी १९७१ मध्ये ऑस्ट्रियन दिग्दर्शक आक्सेल कोर्टी यांनी दूरचित्रवाणीसाठी चित्रपट केला होता.

त्यांची समाधी कुठे आहे?
त्यांच्या अस्थी १९४६ मध्ये गावी आणण्यात आल्या आणि ९ ऑगस्टला, तिसऱ्या स्मृतिदिनी, सांक्ट राडेगुंडच्या चर्चपाशी ठेवण्यात आल्या. ज्या चर्चची ते देखभाल करायचे, तेच हे चर्च.